‘जनरल’ इंजिन

जनरल : अमेरिकन यादवी युद्धातील (१८६१–६५) वाफेचे इंजिन. न्यू जर्सीतील पॅटरसन येथे १८५५ मध्ये बांधलेले, लाकडावर चालणारे. पुढे चार लहान, मागे चार मोठी चाके. जॉर्जियातील अटलांटा ते टेनेसीतील चॅटानूगा मार्गावर ते धावे. दक्षिणेच्या फौजांची रसद याच मार्गाने जाई, म्हणूनच उत्तरेचा त्यावर डोळा होता. १२ एप्रिल १८६२ रोजी बिग शँटी स्थानकात प्रवासी व कर्मचारी न्याहारीला उतरले असताना जेम्स अँड्र्यूज या उत्तरेच्या हेराने साध्या वेशातील सैनिकांसह इंजिन आणि तीन वाघिणी पळवल्या. रूळ उखडायचे, तारा तोडायच्या, पूल जाळायचे, असा बेत होता. पण पावसाने भिजलेले लाकडी पूल पेटेनात. शिवाय समोरून येणाऱ्या मालगाड्यांमुळे किंग्स्टनला तासाहून अधिक वेळ वाया गेला. गार्ड विल्यम फुलर आधी पायी, मग ढकलगाडीवरून आणि शेवटी ‘टेक्सास’ हे इंजिन उलटे पळवत मागावर राहिला. त्याची चिकाटी थक्क करणारी आहे. सुमारे १४० किलोमीटरनंतर, रिंगगोल्डच्या पुढे, ‘जनरल’मधील सरपण संपले. पळालेले सगळे पकडले गेले. अँड्र्यूजसह आठ जण फासावर गेले. ‘मेडल ऑफ ऑनर’ या लष्करी सन्मानाची पहिली पदके १८६३ मध्ये इंजिन पळवणाऱ्यांपैकीच सहा सैनिकांना मिळाली. अँड्र्यूज सैनिक नसल्याने त्याला ते मिळू शकले नाही. बस्टर कीटनचा ‘द जनरल’ (१९२६) हा मूकपट याच घटनेवर बेतलेला आहे. हे इंजिन आज केनेसॉ (पूर्वीचे बिग शँटी) येथील संग्रहालयात आहे.