पालुपदाची पुस्तके

पालुपदाची पुस्तके म्हणजे ज्यांच्या प्रत्येक पानावर एकच ओळ पुनःपुन्हा येते अशी, बहुधा एकाच विषयाभोवती गुंफलेली छोटी वाचनपुस्तके होत. इंग्रजीत त्यांना ‘रिपीटेड लाइन बुक’ असे म्हणतात. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता किंवा अन्य कारणाने ज्या मुलांना पुरेसे बोलता येत नाही आणि जी चित्रफलक, ध्वनिमुद्रित बटण अथवा बोलके उपयोजन यांच्या साहाय्याने संवाद साधतात, त्यांच्यासाठी अशी पुस्तके शिक्षक व पालक स्वतः तयार करतात. मोठी व्यक्ती पानावरील बदलता मजकूर वाचते आणि न बदलणारी ओळ मूल यंत्राच्या साहाय्याने ‘म्हणते’. वर्गातील इतर मुले मोठ्याने वाचत असताना गप्प बसून राहणाऱ्या मुलाला त्यामुळे वाचनात स्वतःची पाळी मिळते.

पार्श्वभूमी

वाणीला पूरक किंवा पर्यायी ठरणाऱ्या साधनांनी साधलेल्या संवादास ‘पूरक व पर्यायी संवाद’ असे म्हणतात. चार्ल्स ब्लिस यांनी 1949 मध्ये मांडलेली चित्रलिपी 1971 पासून कॅनडातील टोरांटो येथे न बोलणाऱ्या मुलांसाठी वापरात आली. भारतात मुंबईची स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया (स्थापना 1972, आताचे नाव ‘अडॅप्ट’) आणि कोलकात्याची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सेरेब्रल पाल्सी (स्थापना 1974) या संस्थांनी या क्षेत्रात आरंभीचे काम केले. पुढे चेन्नईत ‘आवाज’ हे उपयोजन आणि आयआयटी मुंबईच्या आयडीसी स्कूल ऑफ डिझाइनमध्ये ‘जेलो’ हे निःशुल्क उपयोजन विकसित झाले. ‘जेलो’ मराठीतही उपलब्ध आहे. यांखेरीज एकच वाक्य साठवून ठेवणारे, दाबताच ते ऐकवणारे मोठे बटण हे सर्वांत साधे यंत्र होय. पालुपदाचे पुस्तक आणि असे बटण यांची जोडी विशेष जुळते. कारण यंत्रात वाक्य एकच असते आणि पुस्तकातही तेच वाक्य पानोपानी लागते.

लोककथांतील पालुपद

ही कल्पना परक्या पुस्तकांतून आली असे मानण्याचे कारण नाही. लोककथांच्या अभ्यासात साखळीकथा व पुनरुक्तीच्या कथा यांचा ‘सूत्रकथा’ असा स्वतंत्र वर्गच केलेला आहे आणि मराठी घरांत त्या पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. लेकीकडे निघालेल्या म्हातारीला वाटेत वाघ-कोल्हे भेटतात. परतताना ती भोपळ्यात बसते आणि भोपळ्याला उद्देशून म्हटलेल्या पालुपदावर तिची सुटका होते. ही कथा अशा पुस्तकाचा उत्तम नमुना आहे. पालुपद हा तेथे केवळ अलंकार नाही. ते उच्चारले गेले नाही तर भोपळा हलत नाही आणि म्हातारी वाचत नाही. ते म्हणण्याचे काम बटण हाताशी असलेल्या मुलाकडे सोपवले की सारी कथा त्याच्यावाचून अडते. मेणाच्या घरात राहणारी चिमणी आणि शेणाचे घर वाहून गेलेला कावळा यांच्या कथेतही कावळ्याची विनवणी तीच राहते, चिमणीची सबब मात्र दर वेळी बदलते. लोककथांवर कोणाचा स्वामित्वहक्क नसल्यामुळे त्यांची नवी मांडणी करण्यास आडकाठी नाही.

मराठी वाक्यरचना व ओळीची निवड

इंग्रजी पुस्तकांचे शब्दशः भाषांतर करून मराठी पालुपद साधत नाही. बिल मार्टिन (धाकटे) व एरिक कार्ल यांच्या 1967 मधील प्रसिद्ध अस्वलाच्या पुस्तकाचा साचा घेतला तर रंग, प्राणी आणि ‘दिसणे’ हे क्रियापद यांचा मेळ प्रत्येक पानावर नव्याने घालावा लागतो : ‘निळा घोडा दिसतो’, ‘निळी चिमणी दिसते’, ‘निळे पाखरू दिसते’. इंग्रजीत अचल राहणारी ओळ मराठीत लिंगानुसार बदलते आणि एका बटणात मावत नाही.

म्हणून ओळ निवडताना लिंगाने न बदलणारे शब्द शोधावे लागतात. ‘हवा’ हा शब्द अडचणीचा आहे, कारण आंबा हवा, चटणी हवी आणि पाणी हवे. ‘पाहिजे’ मात्र तिन्ही ठिकाणी चालतो. ‘दे’, ‘आहे’, ‘नको’, ‘अजून’, ‘पुन्हा’, ‘चला’, ‘थांब’ हे शब्दही असेच सोयीचे. याउलट ‘संपला-संपली-संपले’ किंवा ‘माझा-माझी-माझे’ यांवर आधारलेले पालुपद टाळलेले बरे, निदान पहिल्या काही पुस्तकांत. सोयीचे शब्द नित्य व्यवहारातलेही असतात. पुस्तकात शंभरदा दाबलेले ‘पाहिजे’ आणि ‘नको’ जेवणाच्या ताटाशीही उपयोगी पडतात; ‘हत्ती झुलतो’ ही ओळ पुस्तक मिटताच निरुपयोगी होते.

मराठीचा एक लाभ मात्र इंग्रजीला नाही. मराठीत क्रियापद सामान्यतः वाक्याच्या शेवटी येते. शिक्षकाने ‘बैलाला चारा…’ एवढे वाचून थांबावे आणि मुलाने ‘दे!’ हे बटण दाबावे, म्हणजे मुलाच्या शब्दावाचून वाक्य पुरेच होत नाही. वाक्यातील शेवटचा शब्द मुलाचा असणे हे वर्गातील इतर मुलांच्याही लगेच ध्यानात येते.

आवाज व बोली

यंत्रात मुद्रित केलेला आवाज हा त्या मुलाचाच आवाज समजला जातो. त्यामुळे तो शक्यतो त्याच वयाच्या मुलाचा किंवा मुलीचा असावा. मुलीच्या बटणातून ‘मी आलो’ असे पुरुषी रूप निघणे तिच्यावर अन्याय करणारे आहे. बोलीचा प्रश्नही गौण नाही. वाशीम जिल्ह्यात, मंगरूळपीर तालुक्यातील आसेगावसारख्या गावांत, घरची भाषा वऱ्हाडी आहे. तेथे मूल ‘मला दे’ नव्हे तर ‘मले दे’ ऐकत वाढते आणि होकारार्थी ‘हाव’ ऐकते. जिल्ह्यातील बंजारा तांड्यांत घरोघरी गोरमाटी बोलली जाते. बोलणाऱ्या मुलाला शाळेत प्रमाण मराठी हळूहळू आत्मसात करण्यास वाव मिळतो. जे मूल यंत्रातूनच बोलते त्याच्या तोंडी मात्र पहिल्या दिवसापासून पाठ्यपुस्तकी भाषा घातली जाते आणि ते आपल्याच घरात पाहुणे ठरते. पहिली पुस्तके घरच्या बोलीत करावीत, आणि छापील ओळही बोलीतच असावी. ध्वनी एक व अक्षरे दुसरी असे झाल्यास ऐकलेला शब्द आणि दिसणारा शब्द यांचा संबंध जुळण्यास विलंब होतो.

विषय व रचना

विषय मुलाच्या पाहण्यातला असावा. आठवडी बाजार, सोयाबीनची सोंगणी, कापूस वेचणी, बसचा प्रवास, आजीचे घर हे विषय ग्रामीण विदर्भात सहज सुचणारे आहेत. पोळ्याचे उदाहरण घेता येईल. पानोपानी बैलाची तयारी पुढे सरकते : खांदशेकणी होते, आंघोळ होते, शिंगे रंगवून होतात, बेगड लागते, झूल चढते. प्रत्येक पानावर प्रश्न एकच, ‘निघायचे का?’ आणि मुलाचे उत्तर, ‘अजून नाही!’ शेवटच्या पानावर बैल तोरणाखाली उभा असतो आणि तेथे उत्तर बदलावे लागते : ‘हो, चला!’ यासाठी दोन बटणे लागतात. मूल शेवटच्या पानावर कोणते बटण दाबते यावरून त्याला कथा समजली की नाही ते कळते. काही मुले खोडकरपणे शेवटीही ‘अजून नाही’च दाबतात; तेही उत्तरच होय, आणि बहुधा सर्वांत चांगले. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन हेच पुस्तक पुन्हा वाचता येते.

पाने आठ ते बारा पुरेशी होतात. चित्रांऐवजी मुलाच्या घराची, गोठ्याची, माणसांची छायाचित्रे घेतल्यास ओळख लवकर पटते. जाड कागदावर मोठ्या ठशात ओळ लिहून पान लॅमिनेट करतात व स्पायरल बांधणी करतात. बोटांवर ताबा नसलेल्या मुलास पान उलटता यावे म्हणून कडेला स्पंजचे तुकडे किंवा आइस्क्रीमच्या काड्या चिकटवतात. पानांमध्ये फट राहते आणि मुठीनेही पान उलटते. चिन्हे हवी असल्यास स्पेनमधील आरागोन प्रांतशासनाचा ‘आरासाक’ चित्रसंग्रह अव्यापारी वापरासाठी खुला आहे. ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावरील (2015 पासून) मराठी गोष्टी मुक्त परवान्याखाली असल्याने श्रेय देऊन त्यांत पालुपद घालता येते.

यंत्र नसेल तर पुस्तक अडत नाही. पुठ्ठ्यावर दोन चित्रे लावून मुलाने बोटाने, मुठीने किंवा नुसत्या नजरेने खूण केली तरी चालते. सोबत्याने ती ओळ मोठ्याने म्हणावी. स्थानिक व स्वस्त साहित्यातून शैक्षणिक साधने घडवण्याचा जो मार्ग ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्यांत घालून दिला, त्याच्याशी हे सुसंगत आहे.

वाचनाची रीत

वाचताना प्रौढाने आधी स्वतः बटण दाबून दाखवावे, परंतु मुलाचा हात धरून ते दाबू नये. हात धरून दाबलेल्या बटणातून प्रौढच बोलत असतो. प्रश्नानंतर मनात दहापर्यंत अंक मोजून थांबावे. स्नायूंवर ताबा नसलेल्या मुलाला हात उचलण्यासच तेवढा वेळ लागतो, आणि घाईने दिलेली दुसरी सूचना त्याचा पहिला प्रयत्न मोडते. एकच पुस्तक अनेक दिवस वाचणे हा दोष नसून पद्धतीचा भाग आहे. मोठ्यांना त्याचा कंटाळा येतो, मुलांना येत नाही.

आक्षेप व मर्यादा

या पुस्तकांवरील मुख्य आक्षेप असा की मूल केवळ प्रतिध्वनी होते. दुसऱ्याने ठरवलेली ओळ दुसऱ्याच्या इशाऱ्यावर वाजवणे म्हणजे बोलणे नव्हे. एकाच बटणावर वर्षानुवर्षे थांबलेल्या मुलांच्या बाबतीत हा आक्षेप रास्त आहे. पालुपदाबरोबरच ‘थांब’, ‘पुन्हा’, ‘नको’, ‘दुसरे पुस्तक’ हे शब्द पहिल्यापासून मुलाच्या हाताशी ठेवणे हा त्यावरचा उपाय होय. पुस्तक नको म्हणण्याची सोय ज्या फलकावर नाही तो अपुरा समजावा. ‘आधी चित्रे ओळखता आली पाहिजेत, मग संवादसाधन’ हा समजही आता मागे पडला आहे. साधन वापरतच मूल ते शिकते.

कायदेशीर स्थिती

भारताने 1 ऑक्टोबर 2007 रोजी मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कविषयक कराराने ‘संवाद’ या संज्ञेत पूरक व पर्यायी साधनांचा समावेश केला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 17 नुसार वाणी वा भाषेची अडचण असलेल्या व्यक्तींसाठी अशा साधनांच्या वापरास चालना देणे हे शासनाचे व स्थानिक प्राधिकरणांचे कर्तव्य आहे, आणि कलम 31 ने लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. समग्र शिक्षा योजनेत समावेशित शिक्षणाचा अंतर्भाव असून जी मुले शाळेपर्यंत पोहोचू शकत नाहीत त्यांच्यासाठी घरी जाऊन शिकवण्याची तरतूद आहे. अशा भेटींत शिक्षकाने सोबत नेलेले पालुपदाचे पुस्तक घरीच ठेवता येते आणि पुढील भेटीपर्यंत भावंडे ते वाचून दाखवू शकतात.