लोडशेडिंगची वर्षे आणि आपला जनरेटर

रौप्यमहोत्सवी अंकासाठी जनरेटरचा इतिहास लिहायचे काम कमिटीने माझ्याकडे दिले, कारण तेव्हाच्या उपसमितीत मी होतो.

२००१ साली दाभोळचा वीजप्रकल्प बंद पडला. राज्यात विजेची मागणी वाढत राहिली, निर्मिती त्या मानाने वाढली नाही. जून २००५ मध्ये वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण आली, पण आम्हा डोंबिवलीकरांचे लोडशेडिंग काही सुटले नाही. लिफ्ट बंद, पंप बंद. सातव्या मजल्यावरच्या आजींना डायलिसिससाठी खुर्चीत बसवून जिन्याने उतरवावे लागे. अखेर २००७ च्या सर्वसाधारण सभेत जनरेटरचा ठराव झाला.

पहिला प्रश्न, केवढा घ्यायचा? घरोघरी वीज देणे परवडणारे नव्हते. म्हणून लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे एवढेच ठरले. लिफ्टची मोटर साडेसात एचपीची, पंप पाचचा. मिळून साधारण सव्वानऊ किलोवॅट. पण मोटर सुरू होताना कितीतरी पट करंट ओढते, म्हणून २५ केव्हीएचा संच घेतला.

दुसरा वाद जागेचा, आणि तो चांगलाच पेटला. विक्रेता म्हणाला, स्टिल्टमध्ये ठेवा, केबल वाचेल. पहिल्या मजल्यावरच्या ताई उभ्या राहिल्या, "धूर आमच्या बेडरूममध्ये येणार, त्याचं काय?" त्यांचे बरोबर होते. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. झोपलेल्या माणसाला कळतही नाही. शेवटी संच कंपाउंडच्या मोकळ्या कोपऱ्यात बसला आणि धुराचा पाइप, नियमाप्रमाणे, इमारतीच्या उंचीपेक्षा १ मीटर वर नेला. त्यासाठी सगळ्यांनी जादा वर्गणी भरली.

त्याच सुमारास एका सभासदाने बाल्कनीतला छोटा पेट्रोल जनरेटर थेट घरातल्या प्लगला जोडला होता. अशी वीज उलटी लाइनवर जाते, ट्रान्सफॉर्मरमधून हजारो व्होल्टची होते आणि लाइन बंद समजून खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव घेऊ शकते. सभेने बाल्कनीतल्या जनरेटरवर बंदी घातली आणि आपल्या संचाला चेंजओव्हर स्विच बसवला, म्हणजे एका वेळी एकच पुरवठा.

आता वीज क्वचितच जाते. तरी वॉचमन दर शनिवारी संच लोडवर चालवून वहीत नोंद करतात. डिझेल भरायचे ते इंजिन थंड झाल्यावरच. पार्किंग वाढवण्यासाठी संच स्टिल्टमध्ये हलवावा, अशी सूचना हल्ली पुन्हा येते आहे. नव्या सभासदांनी हात वर करण्याआधी २००७ चे इतिवृत्त जरूर वाचावे. ऑफिसच्या कपाटात आहे.