मुंबईत मोगल कधी जेवले?

ईद जवळ आली की ऑफिसात एक प्रश्न ठरलेला असतो, "बिर्याणी कधी?" प्रश्न प्रेमाचा असतो, त्यामुळे राग येत नाही. पण एकदा एका सहकाऱ्याने त्याला पुढचं वाक्य जोडलं, "तुमचं काय बाबा, मोगलांचं खाणं! आमचं आपलं साधं मराठी जेवण." त्या दिवशी माझ्या डब्यात तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी आणि बाटलीत सोलकढी होती. मी डबा त्याच्यापुढे सरकवला. तो चिपळूणकडचा. पहिला घास घेतला आणि म्हणाला, "अरे, हे तर आमच्याकडचंच!" मी म्हटलं, "आमच्याकडचंही."

गोष्ट तिथेच संपायला हवी होती. पण त्याच्या तोंडचा 'मोगल' डोक्यातून जाईना. घरी येताना भायखळ्यापासून कुर्ल्यापर्यंत हॉटेलांच्या पाट्या वाचत आलो. जवळपास प्रत्येक पाटीवर 'मुगलाई' लिहिलेलं. मग प्रश्न पडला, मोगल मुंबईत जेवले तरी कधी?

इतिहास पाहिला तर उत्तर सोपं आहे. मुंबईची बेटं गुजरातच्या सुलतानाकडे होती. बहादूरशहाने १५३४ साली वसईच्या तहात ती पोर्तुगिजांना दिली. पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात, १६६१च्या करारानुसार, ती इंग्लंडच्या राजाकडे गेली आणि १६६८ साली ईस्ट इंडिया कंपनीकडे आली. औरंगजेबाच्या वतीने जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान १६८९ साली बेटावर उतरला, वर्षभर ठाण मांडून बसला आणि कंपनीने बादशहाची माफी मागितल्यावर निघून गेला. मोगलांचा मुंबईशी आलेला संबंध मुख्यतः एवढाच.

आता ताटाकडे पाहू. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त अकबराच्या मुदपाकखान्यातल्या पदार्थांची यादी साहित्याच्या वजनासह दिली आहे. त्यात तांदूळ आहे, तूप, कांदा, आलं, मिरी, दालचिनी आहे. मिरची नाही. टोमॅटो नाही. बटाटा नाही. ही सगळी अमेरिका खंडातली पिकं, पोर्तुगिजांच्या जहाजांमागोमाग इकडे आलेली. आपण 'बटाटा' म्हणतो तो शब्दही पोर्तुगीज. मुंबईच्या बिर्याणीतून बटाटा, टोमॅटो आणि हिरवी मिरची काढून घ्या आणि मग सांगा, काय उरतं ते.

'मुगलाई' मेन्यूवर पहिल्या पानावर असतात तंदुरी चिकन आणि बटर चिकन. त्यांचा प्रसार झाला तो दिल्लीच्या दर्यागंजमधल्या मोतीमहलमुळे. ते चालवलं कुंदनलाल गुजराल यांनी. फाळणीत पेशावर सोडून आलेले ते पंजाबी हिंदू निर्वासित. म्हणजे ज्या पदार्थावरून मला मोगल ठरवलं जातं, तो एका हिंदू निर्वासिताने स्वतंत्र भारतात लोकप्रिय केला. त्यांच्या हाताला दाद द्यायलाच हवी. पण त्या रश्शाचा माझ्या पणजोबांशी काही संबंध नाही.

महाराष्ट्रात लष्करी छावणीचं म्हणावं असं खाणं आहे, ते औरंगाबादचं, आताच्या छत्रपती संभाजीनगरचं. नान-खलिया. तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली तेव्हाच्या सैन्यापासून ते चालत आल्याचं तिकडे सांगतात. मोठ्या देगेत शिजणारा रस्सा आणि सोबत जाड नान. गंमत म्हणजे मुंबईच्या मुगलाई पाट्यांखाली नान-खलिया शोधून सापडायचा नाही.

मग मुंबईतल्या मुस्लिम मोहल्ल्यांचं खाणं आणलं कुणी? कामगारांनी आणि व्यापाऱ्यांनी. नल्ली निहारी घ्या. 'नहार' म्हणजे अरबीत दिवस. रात्रभर मंद आचेवर शिजवायची आणि फजरच्या नमाजनंतर खायची, म्हणून निहारी. ती दिल्ली-लखनौची हे खरं, पण मुंबईत तिला गिऱ्हाईक मिळालं ते उत्तरेतून आलेल्या कष्टकऱ्यांत. १८५७ नंतर उत्तर प्रदेशातून मोमीन विणकर मदनपुऱ्यात आले, भिवंडीत गेले. मागावर दिवसभर उभं राहायचं तर सकाळी पोटात दमदार काहीतरी हवं. स्वस्तातलं, हाडाजवळचं, चिवट मांस रात्रभर शिजवलं की लोण्यासारखं होतं. हे शहाणपण नवाबाचं नाही, गरिबाचं आहे. भेंडीबाजारातलं नूर मोहम्मदी हॉटेल १९२३पासून तिथे आहे. एम. एफ. हुसेन यांनी त्या हॉटेलसाठी चित्र काढून दिलं होतं. निहारी घरी करायची असेल तर एकच सांगतो, कुकरच्या शिट्ट्या मोजू नका. जाड बुडाचं पातेलं, झाकणाला कणकेचा लेप, आणि आच इतकी मंद की विसरायला व्हावं.

दाऊदी बोहरा गुजरातेतून आले, ते थाळ घेऊन. सगळे एकाच मोठ्या थाळाभोवती बसतात आणि चिमूटभर मीठ चाखून सुरुवात करतात. मेमन कच्छ-काठियावाडातून आले. आणि आम्ही कोकणी मुसलमान तर आधीपासूनच इथले. माहीमचे मखदूम अली माहिमी यांचं निधन १४३१ सालचं. म्हणजे बाबर पानिपतावर लढला त्याच्या जवळजवळ शंभर वर्षं आधी! क्रॉफर्ड मार्केटजवळची जामा मशीद १८०२ साली पूर्ण झाली, तिच्याशी कोकणी जहाजमालकांची नावं जोडलेली आहेत. समुद्रावर जगणाऱ्या या लोकांचं खाणं समुद्राचंच असणार. माशाचं कालवण, नारळाचं दूध, तांदळाची भाकरी, घावन, सांदण. घाटावर गेलात तर मुसलमानाच्या घरी ज्वारीची भाकरी आणि पिठलं मिळेल. मोहरमला चोंगे होतात. गुळाच्या पाण्यात भिजवलेली कणीक, नक्षीच्या लाकडी साच्यावर दाबून तळलेली. पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत ते हिंदू घरांतही होतात.

देवाणघेवाण दुसऱ्या बाजूनेही झाली. दिवाळीच्या फराळातली शंकरपाळी फारसी 'शकरपारा'तून आली. जिलेबी अरबी 'जलाबिया'तून आली. बर्फीत 'बर्फ' आहे आणि मसाला हा शब्द मुळात अरबी. दिवाळीत शंकरपाळीला कुणी मोगलांचं खाणं म्हणत नाही, आणि ते बरोबरच आहे. इतकी वर्षं ज्याने जे घरी केलं, ते त्याचं झालं. मग हाच न्याय माझ्या भाकरीला का नको?

कोण काय खातो यापेक्षा कोण कुणाबरोबर खातो, हा या देशात नेहमीच मोठा प्रश्न राहिला आहे. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा दिला गेला. टिळक, रानडे यांच्यासारखी माणसं तिथे होती. नावं छापून आली, ग्रामण्य झालं आणि दोघांनाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एका कप चहासाठी! रेल्वे स्टेशनांवर 'हिंदू पाणी', 'मुसलमान पाणी' अशा हाका स्वातंत्र्यापर्यंत ऐकू येत. आणि ज्यांना पाणवठ्यालाच हात लावू दिला जात नव्हता, त्यांना तर दोन्ही हाकांत जागा नव्हती. त्यांच्यासाठी बाबासाहेबांना १९२७ साली महाडच्या तळ्यावर जावं लागलं.

या पार्श्वभूमीवर मुंबईच्या इराण्याचं हॉटेल समजून घ्यावं लागतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला यझद, केरमान भागातून माणसं आली. त्यात पारशी धर्माचे होते, तसे मुसलमानही होते. धोबीतलावचं कयानी १९०४चं, बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया १९२३चं. संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, ब्रून-मस्का आणि पानी कम चाय. मालक परदेशी, त्याला इथल्या जातींची उठाठेव नको होती. गिरणीतला कोकणी, कोर्टातला कारकून, मदनपुऱ्यातला विणकर, जागा मिळेल तिथे बसत. कुणी क्रांती करायला बसत नव्हतं, भूक लागली म्हणून बसत होतं. पण शेजारच्या कपाची सवय अशीच होते. त्यातला पावही पाहा. शब्द पोर्तुगीज, भट्टीवर गोवेकर, इराणी, उत्तरेकडचे मुसलमान, आणि आत मराठी माणसाचा बटाटावडा.

पुढे २६ जानेवारी १९५० रोजी संविधान लागू झालं. त्याच्या कलम १५मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणालाही दुकानात किंवा सार्वजनिक उपाहारगृहात जाण्यापासून अडवता येणार नाही. मूलभूत हक्कांच्या यादीत हॉटेलचा उल्लेख का करावा लागला, हे पंचहौदचा चहा आठवला की कळतं.

आज त्याची आठवण करायचं कारण आहे. २०२४ साली उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या वाटेवरच्या ढाब्यांना मालकाचं नाव लावायला सांगितलं गेलं आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याला अंतरिम स्थगिती दिली. मुंबईतही घर भाड्याने घेताना भाड्याच्या आधी स्वयंपाकघराची चौकशी होते. आणि आपल्या लोकांनाही एक सांगायचं आहे. आपणही मुलांना बिर्याणी-कबाबाचाच अभिमान शिकवतो. सुकटीचा डबा शाळेत उघडायला ती लाजतात. 'मुगलाई' पाटी बाहेरच्यांनी आपल्यावर लावली हे खरं, पण ती मिरवली आपणच.

माझा तो सहकारी अजून ईदला बिर्याणी मागतो आणि मी ती आणतो. आवडते मलाही, बटाट्यासकट. पण आता सोमवारी तो विचारतो, "भाकरी आहे का?" त्याच्या बायकोने अम्मीकडून कृती मागवली होती. अम्मीने फोनवरच सांगितलं, "पाणी खळखळ उकळू दे, मग पीठ घाल, झाकून ठेव. उकड गरम असतानाच मळ, नाहीतर कडा फाटतात." पलीकडून उत्तर आलं, "माझी सासूपण हेच सांगते."