पडद्यावर अक्षर आणणारं कार्ड

भाच्याला डिझाइन शिकायचंय. बजेट पस्तीस हजार. "मामू, पैसे कार्डासाठी राखा," म्हणाला. म्हणून इंटेलचा आय-थ्री १२१००एफ आणला, कार्ड पुढच्या पगारात. मालवणात घरी जोडला. पंखे फिरले, पडदा काळाच. 'एफ' म्हणजे आत ग्राफिक्स नाही, हे उर्दू-मराठी शिकवणाऱ्या मास्तरला कुठून ठाऊक असणार!

काळ्या पडद्यासमोर मला जिस्ट कार्ड आठवलं. १९८३ मध्ये आयआयटी कानपूरला देवनागरी संगणक तयार झाला. तेच काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये (स्थापना १९८८) गेलं. त्या काळच्या पीसीला फक्त इंग्रजी अक्षरं दाखवता येत. जिस्ट कार्ड खाचेत बसवलं की डॉसवरच्या प्रोग्राममध्ये मराठी उमटे. म्हणजे आमच्याकडे जादा कार्ड खेळांसाठी नाही, काना-मात्रेसाठी लागलं.

उर्दूचं दुखणं वेगळं. नस्तालीकमध्ये अक्षर शेजाऱ्याप्रमाणे रूप बदलतं आणि शब्द उजवीकडून खाली उतरत जातो. मिर्झा अहमद जमील यांनी जोडाक्षरसमूहच हजारोंनी लिहून काढले. त्यातून १९८१ मध्ये नूरी नस्तालीक आला. १९९४ च्या इनपेजनं तो साध्या पीसीवर आणला आणि कातिबांची बोरूची रोजी गेली. (याबद्दल मला अजून वाईट वाटतं.) विंडोज २००० मध्ये देवनागरी आली, मग खास कार्डाची गरजच उरली नाही. कार्डाचं काम प्रोसेसरनं गिळलं. एव्हाना, १९९९ मध्ये, एन्व्हिडियाचं जीफोर्स २५६ आलं होतं आणि 'जीपीयू' हा शब्द गाजत होता.

दुकानदार भला. प्रोसेसर बदलून रायझेन ५ ५६००जी दिला, बोर्डही. यात ग्राफिक्स आतच आहे, पण ते रॅम वाटून घेतं. म्हणून १६ जीबीची एक पट्टी न घेता ८ च्या दोन घेतल्या. एका पट्टीवर ग्राफिक्सची चाल बरीच पडते.

पुढे कार्ड घेताना एक अडचण आहे. या प्रोसेसरची पीसीआय एक्सप्रेस तिसऱ्या पिढीची. आरएक्स ६५०० एक्सटीसारखं चारच लेनचं कार्ड तिथं गुदमरतं. आणि फार मोठं कार्ड घेतलं तर ते प्रोसेसरची वाट बघत बसेल. लहान होडीला ट्रॉलरचं इंजिन लावल्यासारखं. भाच्याला हे पटलं नाही. बघू, ईदनंतर. पॉवर सप्लाय मात्र आताच ५५० वॅटचा घेऊन ठेवलाय.