आफ्रिकेला न गेलेली पलटण

सप्टेंबर १८९५. गोव्याच्या पोर्तुगीज फौजेतल्या मराठा शिपायांना मोझांबिकला जाण्याचा हुकूम झाला. तिथल्या गाझा राज्याचा राजा गुंगुन्यान याच्याशी पोर्तुगालचं युद्ध पेटलं होतं. आदल्या वर्षी तिथल्या लॉरेन्सो मार्किस (आजचं मापुतो) या बंदरावर हल्ला झाला होता आणि लिस्बनने आंतोनियो एनेस यांना राजप्रतिनिधीचे अधिकार देऊन मोहिमेवर पाठवलं होतं. त्या मोहिमेसाठी गोव्यातून माणसं हवी होती. शिपायांनी आपल्या अटी मांडल्या. त्या फेटाळल्या गेल्या, तेव्हा ते हत्यारांसह पणजीहून निघाले आणि सत्तरीतल्या नाणूसच्या किल्ल्यात जाऊन बसले. पुढे सत्तरीतल्या राणे घराण्याचे दादा राणे त्यांना येऊन मिळाले आणि हे प्रकरण राण्यांचं बंड म्हणून इतिहासात गेलं. डिचोली, सत्तरी, पेडणे या मुलखात ही कथा आजही सांगितली जाते, पण सांगताना भर असतो तो राण्यांच्या पराक्रमावर. ज्या शिपायांच्या नकारातून हे सारं सुरू झालं, त्यांचा उल्लेख एका वाक्यात उरकला जातो: दर्या ओलांडला तर धर्म बुडेल म्हणून ते बिथरले. हे कारण अपुरं आहे. तरुण माणसांना परमुलखात न्यायचं असेल तर नेणाऱ्याला आधी त्यांच्या घराची जबाबदारी उचलावी लागते. गोवा सरकारने ती उचलली नाही, आणि १८९५ च्या बंडाचं मूळ तिथे आहे.

दर्याच्या भीतीचं कारण सहज पटतं, कारण त्या काळात हा वाद खराच चालू होता. परदेशी जाऊन आलेल्यांनी प्रायश्चित्त घ्यावं की नाही यावर पुण्या-मुंबईत वर्तमानपत्रांचे रकाने भरत होते. पण तो वाद मुख्यतः ब्राह्मण आणि इतर पांढरपेशा जातींचा होता. हत्यार धरून पोट भरणाऱ्या कोकणातल्या घरांची रीत वेगळी होती, आणि तिचा पुरावा डिचोलीपासून फार दूर शोधावा लागत नाही. पेडण्याची वेस ओलांडली की सावंतवाडी संस्थान, त्याच्यापुढे इंग्रजांचा रत्नागिरी जिल्हा. मुंबई इलाख्याच्या फौजेत या पट्ट्यातून पिढ्यान्‌पिढ्या भरती होत असे. ही फौज १८०१ मध्ये इजिप्तला गेली. १८५६ मध्ये इराणच्या बुशेहर बंदरावर उतरली. इंग्रज सेनापती नेपियरच्या हाताखाली हबसाणात (आजच्या इथिओपियात) जाऊन १८६८ च्या एप्रिलात तिने मगदलाचा किल्ला घेतला. पुढे पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कुतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी अडकल्या होत्या. बंगालच्या फौजेत समुद्रप्रवासाच्या धास्तीसह इतर तक्रारींवरून १८२४ मध्ये बराकपूरला शिपाई तोफेच्या तोंडी गेले, पण मुंबईच्या फौजेत समुद्रापारची नोकरी ही नेहमीची बाब मानली जाई. तेरेखोलच्या उत्तर तीरावरच्या गावातला मराठा जहाजात बसतो आणि दक्षिण तीरावरचा, त्याच कुळाचा, त्याच देवांना कौल लावणारा मराठा बसत नाही, तेव्हा फरक धर्मात शोधून भागत नाही. तो नोकरीच्या अटींत शोधावा लागतो.

इंग्रजांचं शिपायांवर प्रेम होतं असं कुणी म्हणणार नाही. पण पलटण दर्यापार न्यायची तर काय लागतं हे त्यांना ठेचा खाऊन कळलं होतं. परमुलखातल्या नोकरीचा जादा भत्ता ठरलेला असे. पगारातला काही भाग शिपायाच्या घरी पोचवण्याची सोय असे. निवृत्तीनंतर पेन्शन मिळे. त्या पेन्शनीवर दापोलीसारखी गावं उभी राहिली होती. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर काही काळ दापोलीलाच राहिले, ते तिथल्या पेन्शनर मंडळींत. कोकणातल्या गावाला पेन्शनर दिसत असे, त्याचं घर दिसत असे, मनीऑर्डर घेऊन येणारा पोस्टमन दिसत असे. पोरगा गेला आणि परत नाही आला तरी घर उघड्यावर पडणार नाही, याची ती डोळ्यांपुढची ग्वाही होती. अशा गावात भरतीवाल्याला फार बोलावं लागत नाही.

आता पणजीच्या शिपायाकडे पाहू. गोव्याच्या इतिहासग्रंथांत त्याची मुख्य मागणी नोंदलेली आहे: जायचंच असेल तर कुटुंब बरोबर नेऊ द्या. या मागणीकडे नीट पाहायला हवं. जहाजात पाऊल ठेवल्यानेच ज्याला बाटण्याची भीती वाटते, तो बायकापोरांना त्याच जहाजात घालायला मागत नाही. ही मागणी जायला तयार असलेल्या माणसाची आहे; आपल्या पाठीमागे काय होईल याची त्याला चिंता आहे. आणि महिना सप्टेंबरचा. पावसाळा सरत आलेला, दर्या नुकताच मोकळा झालेला, म्हणून सरकारला जहाजं हाकारायची घाई. पण नेमका याच दिवसांत शेतात सरद, म्हणजे पावसाळी, भात कापणीला येतो. मरडावरच्या, म्हणजे उंचावरच्या, शेताला एक वेळ थोडी सवड असते; खाजणातल्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या, शेताला तीही नसते. कापणी चुकली, बांध फुटला की वर्षाचं धान्य गेलं. घरातला कर्ता हात त्या आठवड्यात उचलून न्यायचा आणि मागे राहणाऱ्या बाईला काय मिळेल ते सांगायचं नाही, असा हा व्यवहार होता. हे कळायला धर्मशास्त्र लागत नाही.

यावर कुणी म्हणेल, मागणी हा नुसता बहाणा असेल. खरी भीती धर्माचीच, पण ती अधिकाऱ्यांपुढे बोलता येत नाही म्हणून कुटुंबाचं निमित्त. हा आक्षेप मी हलका मानत नाही. जातीबाहेर पडण्याची धास्ती त्या मनांत मुळीच नव्हती असं म्हणणं धाडसाचं ठरेल. पण बहाणाच असता तर ती मागणी मान्य करून सरकारला त्याची पारख करता आली असती. सरकारने तसं केलं नाही. शिवाय आफ्रिका हा गोव्याला अनोळखी मुलूख नव्हता. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातूनच चाले. म्हापशात जन्मलेल्या मानुएल आंतोनियो द सौझा याने झांबेझीच्या दक्षिणेला गोरोंगोझात स्वतःचं लष्कर उभारून जवळजवळ राज्य केलं होतं, आणि तो १८९२ मध्ये मारला गेला ती बातमी जुनी नव्हती. म्हणजे तिथे जाऊन माणूस मोठा होतो आणि मरतोही, हे इथल्या लोकांना ठाऊक होतं. माहितीतून आलेली भीती आणि अंधश्रद्धा या दोन गोष्टी एका मापाने मोजू नयेत.

सरकारने अटी का ऐकल्या नाहीत, याचं उत्तर पंचवीस वर्षं मागे सापडतं. १८७० साली लष्कराच्या फेररचनेवरून फोंड्याच्या बाजूला वळवई आणि माशेल इथे फौजेत बंड झालं. पोर्तुगालचे राजे लुईश यांनी आपला भाऊ, राजपुत्र आगुश्तू, याला फौजेसह गोव्यात धाडलं आणि १८७१ मध्ये गोव्याची फौजच मोडून टाकली. पणजीतली गणित आणि लष्करी शिक्षणाची शाळाही त्याच वेळी बंद झाली. त्या शाळेत इथल्या मुलांना अधिकारी होण्याचं शिक्षण मिळे. तिच्याबरोबर एक दुवाही संपला, आणि मला हा त्या वर्षातला सर्वांत मोठा तोटा वाटतो. शिपायाची भाषा जाणणारा, त्याच्या गावची जत्रा आणि शेतीचा हंगाम ठाऊक असलेला अधिकारी आता घडणार कुठून? दूरदेशीच्या मोहिमेत तरुणांना बरोबर नेणारा माणूस हुकुमाइतकाच अशा ओळखीवरही चालतो. अठराव्या शतकात याच सरकारने फोंड्याला मराठ्यांची एक पलटण उभारली होती. ‘राजाचे स्वयंसेवक’ असं तिचं नाव होतं. म्हणजे स्वेच्छेने आलेल्या माणसाचं मोल त्यांना एके काळी कळत होतं. १८९५ पर्यंत उरले ते हुकूम देणारे आणि हुकूम घेणारे. मधला माणूस गेला होता.

शिपाई नाणूसलाच का गेले, याचं उत्तर त्या मुलखाच्या रिवाजात आहे. नाणूस वाळपईजवळ, म्हादईच्या काठी. १८५२ मध्ये दीपाजी राणे यांनी हाच किल्ला घेऊन सरकारला तीन वर्षं जेरीस आणलं होतं आणि १८५५ मध्ये सरकारला त्यांच्याशी तह करावा लागला होता. १८६९ पासून कुष्टोबा राणे लढले, ते १८७१ मध्ये मारले गेले. डिचोली, सत्तरी आणि पेडणे हा मुलूख पोर्तुगीजांच्या हाती कायमचा आला तो १७८१ ते १७८८ या काळात, सावंतवाडीच्या भोसल्यांकडून. त्याआधी तो शतकभर तरी लष्करी वहिवाटीचा होता. डिचोली तालुक्यातल्याच नार्वे गावी शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये सप्तकोटेश्वराचं देऊळ पुन्हा बांधवलं; संभाजी महाराजांचा आणि औरंगजेबाचा बंडखोर शहजादा अकबर याचा तळ डिचोलीत होता. या भागात धनी आणि शिपाई यांचं नातं रोकड्या पगारापुरतं नव्हतं. शिपाई लढायचा, धनी त्याच्या घराला जमीन द्यायचा, त्याच्या बाईला चूल पेटती ठेवायला भात द्यायचा. साखळीचे राणे त्याच रिवाजातले. सरकारने जे नाकारलं ते देऊ शकणारं दुसरं दार शिपायांना ठाऊक होतं, आणि ते तिकडे गेले.

इथे दुसरा, जास्त वजनाचा आक्षेप येतो. राण्यांना आपले हक्क, आपल्या जमिनी राखायच्या होत्या. त्यांनी शिपायांच्या असंतोषाचा वापर करून घेतला. म्हणून हे बंड म्हणजे सरंजामदारांचा स्वार्थ. राण्यांचे हेतू निर्मळ होते असं ठरवण्याची मला गरज वाटत नाही. त्यांचा स्वार्थ होताच. बंडाच्या काळात त्यांच्या माणसांच्या छाप्यांचा त्रास गरीब कुळांनाही झाला असणार, हेही मानायला हवं. पण हा आक्षेप क्रम उलटा लावतो. शिपाई आधी निघाले, राणे नंतर मिळाले. राण्यांनी चिथावलं म्हणून पलटण फुटली असती तर हुकूम मोझांबिकचा असो की दमणचा, ती केव्हाही फुटली असती. ती फुटली जहाजात बसण्याच्या वेळी, अटी फेटाळल्या गेल्यावर. स्वार्थी माणूस दार उघडून बसला होता हे खरं. पण घराबाहेर काढलं ते दुसऱ्यानेच.

आणि शिस्तीचं काय? शिपायाने शपथ घेतली, मीठ खाल्लं. मोहिमेच्या वेळी अटी घालायला लागला तर कोणती फौज चालेल? हा प्रश्न लष्करी माणूस नेहमी विचारतो, आणि तो विचारण्याचा त्याला अधिकार आहे. पण शपथ एकतर्फी नसते. गोव्याच्या राखणीसाठी ठेवलेल्या माणसाला समुद्रापारच्या युद्धात नेणं हा नवा करार आहे, आणि नव्या कराराला नवी संमती लागते. कलकत्त्याच्या सरकारने १८५६ मध्ये नव्या भरतीसाठी समुद्रापारच्या नोकरीची अट आधीच लिहून घेण्याचा कायदा केला. तो कायदा लोकांना आवडला नाही, पण त्यात निदान एवढं मान्य होतं की अट आधी सांगायची असते. पणजीत ती ऐन निघायच्या वेळी सांगितली गेली.

याची किंमत लिस्बनला लगेच मोजावी लागली. नव्या काबिजादींत, म्हणजे डिचोली-सत्तरीसारख्या उशिरा हाती आलेल्या मुलखात, ठाण्यांवर छापे पडू लागले, गव्हर्नर राफायेल जाकोम द आंद्राद यांच्या हाती मुलूख राहीना. नोव्हेंबरात राजे कार्लुश यांचा धाकटा भाऊ, राजपुत्र आफोन्सू, युरोपातून फौज घेऊन गोव्यात उतरला. वय तीस. पंचवीस वर्षांत दुसऱ्यांदा एका राजपुत्राला गोव्याच्या शिपायांवर चाल करून यावं लागलं. गोव्यातून आफ्रिकेत जायची होती ती कुमक गेलीच नाही. उलट युरोपातली तरुण पोरं जहाजात भरून गोव्याच्या रानांत आणावी लागली. आणि ज्या युद्धासाठी हा सारा खटाटोप झाला, ते मराठा शिपायांवाचून संपलं. ७ नोव्हेंबरला कोओलेला इथे गाझाची फौज हरली आणि २८ डिसेंबर १८९५ रोजी शाइमिते इथे पोर्तुगीज अधिकारी मौझिनो द आल्बुकर्कने गुंगुन्यानला पकडलं. त्याला आझोरेस बेटांवर नेलं. तो तिथेच १९०६ मध्ये वारला. गोव्यातलं बंड मात्र १८९७ पर्यंत धुमसत राहिलं आणि अखेर दादा राण्यांच्या वाट्यालाही हद्दपारी आली. पणजीच्या शिपायाने जी अट मागितली होती ती मान्य करायला एका जहाजात थोडी जादा जागा आणि काही महिन्यांचं धान्य लागलं असतं.