मेणवलीची घंटा

वाई पाहावयास आलेला प्रवासी ढोल्या गणपतीचें दर्शन घेतो, कृष्णेच्या घाटावर घटकाभर बसतो, आणि वेळ उरल्यास कोसभर अंतरावरील मेणवलीस जाऊन येतो. मेणवली म्हणजे नाना फडणविसांचें गांव. सहा चौकांचा वाडा, नदीपर्यंत उतरणारा चंद्रकोरीच्या आकाराचा घाट, आणि त्यावर विष्णु व मेणेश्वर यांचीं देवालयें, एवढा तेथील पसारा. २००४ सालच्या ‘स्वदेस’ या चित्रपटानें हा घाट दूरदूरच्या लोकांच्या ओळखीचा केला. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाचें पाऊल अडतें तें मेणेश्वराजवळच्या भल्यामोठ्या घंटेपाशीं.

ही घंटा मूळची ख्रिस्ती प्रार्थनामंदिरांतली. तिच्यावर १७०७ हा आंकडा असून बाल येशूस घेतलेल्या मेरीची आकृति आहे. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांनीं पोर्तुगीजांपासून वसई घेतली, त्या वेळीं मराठ्यांच्या हातीं आलेल्या घंटांपैकीं ही एक. नाशिकास नारोशंकराच्या देवळावर व भीमाशंकरास तिच्या भगिनी आहेत. वसईच्या वेढ्यांत मराठ्यांचीं माणसें फार पडलीं. एवढ्या मोलानें मिळविलेल्या वस्तूवरील परधर्माची मूर्ति छिन्नीनें पुसून टाकणें किती सोपें होतें! तें कोणीं केलें नाहीं, आणि मेरीची आकृति शिवालयाच्या आवारांत सुखरूप राहिली. विजयाच्या गोष्टी सांगतांना हा संयमही सांगितला पाहिजे.

एकदां या घंटेखालीं उभ्या असलेल्या माझ्या एका विद्यार्थ्यानें विचारलें, “सर, यांत नानांचें काय?” प्रश्न मार्मिक होता. वसई पडली तेव्हां नाना जन्मलेही नव्हते. त्यांचा जन्म १७४२ चा. मेणवलीची ही प्रसिद्ध वस्तु वाड्याच्या धन्याच्या पराक्रमाची नव्हेच. नानांचें शस्त्र म्हणजे लेखणी. पत्रें, बातम्या व हिशेब यांच्या बळावर त्यांनीं १८०० सालीं मृत्यु येईपर्यंत राज्याचा तोल सांभाळण्याची खटपट केली. त्या खटपटीची साक्ष देणारें दप्तर याच वाड्यांत पडून होतें. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनीं तें उजेडांत आणलें, आणि त्यांच्या साताऱ्याच्या संग्रहाबरोबर तें १९३९ सालीं पुण्यास डेक्कन कॉलेजांत गेलें.

दैवगति पाहा! जें बाहेरून आलें तें येथें राहिलें. जें येथें जपलें गेलें तें बाहेर गेलें. कागद सुरक्षित ठिकाणीं गेले, हें योग्यच झालें. परंतु घाट पाहून तृप्त होणाऱ्या आपणांस त्या कागदांची आठवणही होऊं नये, हें मात्र बरें नव्हे. घंटा वाजवावयास विद्या लागत नाहीं. दप्तर वाचावयास मोडी यावी लागते आणि बैठक असावी लागते. म्हणून त्या विद्यार्थ्यास मी इतकेंच म्हणालों, “नाना पाहावयाचे असतील, तर येथून पुण्यास जा, मात्र जाण्यापूर्वीं मोडी शीक.”