‘मूनस्टोन’ दुसऱ्यांदा वाचताना : हिरा कोणी चोरला, आणि मुळात तो कोणाचा?

१/ रहस्यकथेविषयी एक समज रूढ आहे : गुन्हेगार कळला की पुस्तक संपले. विल्की कॉलिन्सची ‘द मूनस्टोन’ ही इंग्रजी कादंबरी हा समज दीडशेहून अधिक वर्षे खोटा ठरवत आली आहे. (ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांना पूर्वसूचना : पुढे रहस्य उघड होते.)

२/ चार्ल्स डिकन्सच्या ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकात ४ जानेवारी ते ८ ऑगस्ट १८६८ या काळात ती ३२ भागांत प्रसिद्ध झाली. कथा अशी : २१ जून १८४८ रोजी यॉर्कशरमधील एका हवेलीत रेचेल व्हेरिंडरला तिच्या अठराव्या वाढदिवशी, मामाने मृत्युपत्राद्वारे ठेवलेला एक भारतीय हिरा मिळतो. त्याच रात्री तो नाहीसा होतो. हवेलीच्या आसपास गारुड्यांच्या वेशातील तीन ब्राह्मण वावरताना दिसलेले असतात.

३/ या कथेमागे एक खरे प्रकरण होते. १८६० मध्ये विल्टशरमधील रोड हिल हाउस येथे एका लहान मुलाचा खून झाला. हरवलेल्या एका रात्रपोशाखावरून स्कॉटलंड यार्डच्या व्हिचरने मुलाच्या सावत्र बहिणीवर संशय घेतला. प्रतिष्ठित घरातील मुलीवर असा आरोप केल्याबद्दल त्याची निर्भर्त्सना झाली. १८६५ मध्ये तिनेच कबुली दिली. कादंबरीतील गुलाबवेडा सार्जंट कफ आणि रंगाचा डाग पडलेला रात्रपोशाख यांचे मूळ येथे आहे.

४/ दुसऱ्या वाचनाचा पहिला आनंद म्हणजे लेखकाचा प्रामाणिकपणा. फ्रँकलिन ब्लेकने नुकतीच तंबाखू सोडली आहे, त्याला झोप लागत नाही, जेवताना औषधोपचारावरून त्याचा डॉक्टर कँडीशी खटका उडतो. प्रथम वाचताना हे सारे किरकोळ वाटते. प्रत्यक्षात डॉक्टरने त्याला नकळत अफूचा अर्क पाजलेला असतो आणि त्या गुंगीत, हिरा सुरक्षित राहावा म्हणून, ब्लेकनेच तो उचललेला असतो. पुढे तो गिळंकृत करतो गॉडफ्री ॲबलव्हाइट. चोराच्या शोधासाठी सर्वाधिक धडपडणाऱ्या माणसाचाच माग अखेर त्याच्या स्वतःच्या दारी येतो.

५/ १८६८ च्या वाचकाला हा पुरावा का दिसला नसावा? अफूचा अर्क, म्हणजे लॉडनम, तेव्हा घरोघरी असे आणि दुकानात सहज मिळे. त्याच्या विक्रीवर बंधन घालणारा फार्मसी ॲक्ट त्याच वर्षीचा. खुद्द कॉलिन्स संधिवाताच्या वेदनांवर लॉडनम घेत असे. अतिपरिचयामुळे पुरावा पुरावा वाटतच नाही.

६/ ही कादंबरी स्वतःच पुनर्वाचनावर उभी आहे. वृद्ध कारभारी बेटरेज ‘रॉबिन्सन क्रूसो’ इतक्या वेळा वाचतो की त्याच्या सहा प्रती झिजून गेल्या आहेत. संमिश्र वंशाचा, समाजाने दूर लोटलेला एझ्रा जेनिंग्ज आजारी डॉक्टरची तुटक बडबड पुन्हापुन्हा जुळवून पाहतो आणि वर्षभराने तीच रात्र, त्याच अर्कासह, पुन्हा घडवून आणतो. रहस्य सुटते ते पुनरावृत्तीनेच.

७/ परंतु दुसऱ्या वाचनात खरा मुक्काम पडतो तो आरंभीच्या काही पृष्ठांवर. ४ मे १७९९, श्रीरंगपट्टणचा पाडाव. रेचेलचा मामा हर्नकॅसल हिऱ्याच्या रक्षकांच्या प्रेतांजवळ, रक्ताळलेला खंजीर हाती घेऊन उभा दिसतो. पाहणारा चुलतभाऊ पुराव्याअभावी गप्प बसतो. कुटुंब त्याला फक्त वाळीत टाकते. उत्कंठेपोटी हा भाग पहिल्यांदा भराभर मागे टाकला जातो.

८/ चोऱ्या दोन. हवेलीतील चोरीसाठी स्कॉटलंड यार्ड येते. श्रीरंगपट्टणातील रक्तरंजित चोरी मात्र एका कौटुंबिक कागदात पडून राहते, आणि संशयित ठरतात तीन ब्राह्मण. ॲबलव्हाइटचा खून त्यांच्याच हातून होतो, हे कॉलिन्स लपवत नाही. पण हिरा मुळात त्यांच्या देवाचा, हेही विसरू देत नाही. १८५७ च्या उठावाला तेव्हा अवघे एक दशक लोटले होते.

९/ प्रस्तावनेत कॉलिन्सने कोहिनूरचा उल्लेख केला आहे. १८४९ मध्ये लाहोरच्या तहाने तो हिरा दहा वर्षांच्या दुलीपसिंगाकडून घेण्यात आला आणि ३ जुलै १८५० रोजी राणी व्हिक्टोरियाला अर्पण झाला. कादंबरीचा उपसंहार नेमका १८५० चा. तेथे मूनस्टोन सोमनाथाच्या चंद्रदेवतेच्या कपाळी परततो. खरा हिरा लंडनला पोचला त्याच वर्षी कल्पित हिरा घरी आला.

१०/ पहिल्या वाचनात प्रश्न असतो, हिरा कोणी चोरला? त्याचे उत्तर एकदाच मिळते. दुसऱ्या वाचनात प्रश्न उरतो, हिरा कोणाचा? हा प्रश्न टॉवर ऑफ लंडनमधील कोहिनूरपुढे अद्याप उभा आहे.